शिळं पाणी

नांदगाव खंडेश्वरात होळीच्या मागेपुढे घरोघरचे कूलर खाली उतरतात. कुणाचा माळ्यावरून, कुणाचा गोठ्याच्या कोपऱ्यातून. यंदा आमचाही उतरला. ताट्यांमधलं जुनं वुडवूल काढलं, टाकीच्या तळाशी जमलेली पांढरी खर खरवडायला गेलो, तर बोट सरळ पत्र्यातून पलीकडे. मागच्या वर्षी ठिगळ मारलं होतं त्याच्या अगदी शेजारी. हातगाडीवर घालून कूलर वेल्डिंगच्या दुकानात नेला. तिथल्या पोरानं पत्र्यावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "काका, ठिगळाले ठिगळ लावू काय? याच्यात आता पत्रा कमी अन् गंजच जास्त हाय."

कूलर सहा उन्हाळ्यांचा. पत्र्याला जस्ताचा मुलामा, आतून रेड ऑक्साइड, त्यावर डांबर. शिवाय घरची शिस्त अशी, की टाकीतलं पाणी रोज सकाळी काढून टाकायचं आणि ताजं भरायचं. ही शिस्त माझ्या आईची. रात्र उलटली की माठातलं, घागरीतलं, हंड्यातलं पाणी शिळं. ते झाडांना जायचं, भांडं विसळायचं, मग नवं भरायचं. पिण्याच्या पाण्याला हे ठीकच आहे, आणि कूलरची टाकी डासांसाठी तरी रिकामी करावीच लागते. पण वेल्डरच्या दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या मला याच हिवाळ्यात लेकीच्या घरी पाहिलेलं दुसरं लोखंड आठवत होतं.

लेक आणि जावई इंग्लंडात लीड्सला राहतात. जानेवारीत मी तिथं होतो. त्यांच्या घरात प्रत्येक खिडकीखाली एक पांढरा, पन्हाळीदार पत्र्याचा चपटा डबा भिंतीला टांगलेला आहे. तोच रेडिएटर. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या बॉयलरमध्ये पाणी तापतं, छोटा पंप ते नळ्यांमधून प्रत्येक खोलीतल्या डब्यात फिरवतो, आणि उष्णता देऊन ते पुन्हा बॉयलरकडे येतं. वाफ नाही, नुसतं गरम पाणी. ज्या माणसाचा मे महिना पंचेचाळीस अंशांत जातो त्याला घर तापवायचं यंत्र हा आधी थट्टेचाच विषय वाटतो. दोन दिवसांनी मी त्या डब्याला पाठ लावूनच बसायला लागलो.

तो डबा साध्या पोलादी पत्र्याचा असतो, जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. बाहेरून रंग, आतून काहीच नाही. जस्त नाही, डांबर नाही, उघडं लोखंड आणि त्याला अष्टौप्रहर टेकलेलं पाणी. लेकीच्या घरातले डबे तिनं घर घेतलं त्याच्याही आधीचे, वीसेक वर्षांचे. एकालाही भोक नव्हतं. आमचा मुलामा दिलेला कूलर सहा उन्हाळ्यांत चाळण होतो आणि ते उघडं लोखंड वीस वर्षं पाण्यात उभं राहतं, याचं कारण पाण्याच्या वयात आहे. रेडिएटरमधलं पाणी शिळं असतं. वर्षानुवर्षं तेच.

हे मला कळायला लीड्सला जावं लागलं असं नाही. माझी नोकरी पारसच्या औष्णिक वीज केंद्रात, केमिकल विभागात गेली. पाण्यात किती ऑक्सिजन आहे हे मोजणं हे माझं रोजचं काम होतं. घरी कुणी विचारलं, "साहेब, तुम्ही करता काय तिथं?" तर मी सांगत असे, पाण्यातली हवा काढतो. ऐकणारा हसायचा. पाण्यात कुठं हवा असते?

असते, आणि ती बघायला प्रयोगशाळा लागत नाही. आमच्याकडे गंज म्हणजे लोखंडाला चढतो तोही आणि चुलीवर ठेवतो ते भांडंही. त्या दुसऱ्या गंजात पाणी तापत ठेवा. उकळी यायच्या बऱ्याच आधी बुडाशी आणि कडांना बारीक बारीक बुडबुडे चिकटतात. ती वाफ नव्हे. ती पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापलं की त्याची हवा धरून ठेवायची ताकद कमी होते. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, वीस अंशांना नऊ, तीस अंशांना साडेसात, आणि उकळत्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही. दाब वाढवला की मात्र उलट, जास्त वायू विरघळतो. हा दुसरा नियम १८०३ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीनं मांडला, आणि सोड्याची बाटली उघडताना आपण सगळे तो पाहतो.

यात एक गोम आहे. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन एक पंचमांश. पण पाण्यात विरघळलेल्या हवेत तो एक तृतीयांशाच्या घरात, कारण नायट्रोजनपेक्षा तो पाण्यात जास्त विरघळतो. मासे त्यावर जगतात. लोखंड त्यावर मरतं.

पारसला आज प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. एवढ्या मोठ्या बॉयलरच्या नळ्यांमध्ये पाणी जातं आणि सुमारे ५४० अंशांची वाफ होऊन टर्बाइनला येते. तिथं ऑक्सिजनला थारा देऊन चालत नाही. म्हणून बॉयलरच्या आधी डीएरेटर नावाची एक मोठी आडवी टाकी असते, चांगली काही मजले उंचावर बसवलेली. तिच्यात पाणी फवाऱ्यानं आणि थाळ्यांवरून खाली पडतं, खालून वाफ वर येते, पाणी आपल्या उत्कलनबिंदूला पोचतं आणि त्यातली हवा सुटून वरच्या बारीक नळीतून बाहेर जाते. त्या नळीतून वाफेची एक शेपटी सतत निघत असते. नवीन आलेलं पोर हमखास विचारतं, "सर, ही वाफ फुकट चालली न?" फुकट जात नाही. हवा एकटी बाहेर निघत नाही, तिला दारापर्यंत पोचवायला थोडी वाफ सोबत द्यावी लागते. टाकी उंचावर ठेवायचं कारणही असंच साधं आहे: उकळीच्या काठावरचं पाणी पंपाच्या तोंडाशी आलं आणि दाब जरा कमी पडला तर तिथंच त्याची वाफ होते. उंचीमुळे पाण्याच्या अंगात वजन राहतं.

डीएरेटरमधून निघणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन किती असावा? अब्जात सात भाग. आम्ही नुसतं "सात पीपीबी" म्हणायचो. नळाच्या पाण्यात असतो त्याच्या हजारावा हिस्सा. त्यातूनही उरलासुरला हायड्रॅझिन नावाच्या रसायनानं मारायचा. हे विषारी रसायन अवकाशयानांत इंधन म्हणूनही वापरतात. ते ऑक्सिजनला धरतं आणि मागे फक्त नायट्रोजन आणि पाणी उरतं. एवढा खटाटोप कशासाठी, तर ऑक्सिजन नळीला सगळीकडून सारखं झिजवत नाही म्हणून. तो एक जागा धरतो आणि तिथंच खोल जातो. टाचणीच्या डोक्याएवढं भोक, बाकी नळी नवीकोरी.

लीड्सच्या घरात डीएरेटर नाही, हायड्रॅझिन नाही. मग ते लोखंड वाचतं कसं? हिशेब मांडून बघा. घरातल्या सगळ्या नळ्या आणि डबे मिळून शंभर लिटर पाणी धरू. पहिल्यांदा भरताना थंड पाण्याबरोबर सव्वा ग्रॅमच्या आतच ऑक्सिजन आत येतो. तो काही दिवसांत लोखंड खातो, जेमतेम तीन ग्रॅम. सगळ्या घरात मिळून एका दोन इंची खिळ्याएवढं. आणि मग संपतो. बंद नळ्यांमध्ये दुसरा ऑक्सिजन येणार कुठून? पाणी काळं पडतं, वास धरतं, कुणी ओंजळीत घेणार नाही असं होतं, आणि तेव्हाच ते लोखंडाला निरुपद्रवी होतं. आईनं ते पाणी पाहिलं असतं तर झाडालाही घातलं नसतं.

कूलरचं बघा. पंप पाणी वर नेतो, ते ताटीवरून थेंबाथेंबानं उतरतं, पंखा त्याच ताटीतून वारा ओढतो. पाण्यात हवा मिसळायचं याहून सरस यंत्र मला तरी करता आलं नसतं. खाल्लेला ऑक्सिजन दर फेरीत भरून निघतो. वर आमच्या बोअरचे क्षार आहेतच. टाकीच्या पत्र्याला सुटका नाही.

आता लेकीच्या घरातली गोष्ट. मी पोचलो त्या रात्रीच ती म्हणाली, "बाबा, वरच्या खोलीतला रेडिएटर पाहा न. खालून गरम, वरून थंडगार." दुखणं मला ओळखीचं होतं. आमच्या विहिरीवर इंजिन होतं तेव्हा फुटवॉल गळला की पंप हवा धरायचा. इंजिन जोरात फिरे, पाटात थेंब नाही. मग वडील बादली घेऊन पंपाच्या तोंडात पाणी ओतत बसायचे, हवा बाहेर निघेपर्यंत. गावाला पाणी आणणाऱ्या मोठ्या पाइपलाइनलाही चढावाच्या जागी हवा सोडायचे व्हॉल्व्ह लावतात ते त्याचसाठी. हवा हलकी, ती उंच जागा धरून बसते. रेडिएटरमध्ये ती वरच्या कोपऱ्यात बसली होती आणि गरम पाणी खालून निघून जात होतं.

जावयांनी चौकोनी भोकाची एक चिमुकली चावी आणली, कोपऱ्यातला स्क्रू पाव आटा फिरवला. फुस्स आवाज झाला, मग काळ्या पाण्याचे चार थेंब फडक्यावर. डबा पाच मिनिटांत वरपर्यंत तापला. मी म्हटलं, झालं. तर ते म्हणाले, "बाबा, हे दर आठवड्याचंच आहे. आणि बॉयलरवरचा दाबाचा काटा तीन-चार दिवसांत शून्याकडे येतो, मग मी तोटी उघडून पाणी भरतो."

"किती?"

"असेल दोन-तीन लिटर. ताजंच भरतो, नळाचं."

ते "ताजंच" ऐकलं आणि माझ्यातला पारसवाला जागा झाला. मी म्हटलं, "जावईबापू, तुम्ही त्याला दर चार दिवसांनी खाऊ घालताय."

त्या फुस्स आवाजात काय बाहेर गेलं असेल? आपण म्हणतो हवा काढली. पण तो वायू आपल्या श्वासातली हवा नव्हे. ताज्या पाण्याच्या प्रत्येक लिटरबरोबर वीसेक मिलिलिटर विरघळलेली हवा आत येते. त्यातला ऑक्सिजन लोखंड गिळून टाकतं. उरतो नायट्रोजन, तो कुणाशी बोलत नाही, वर जाऊन बसतो. म्हणजे चावी फिरवून जे बाहेर काढलं ते जेवण झाल्यावरचं उष्टं. कधी कधी गंजण्याच्या शेवटच्या टप्प्यात तयार झालेला हायड्रोजनही त्यात असतो, आणि तो पेट घेतो, म्हणून हे काम करताना जवळ ज्योत नसावी. काळेपणा मॅग्नेटाइटचा. ऑक्सिजन बेताचा असला की लोखंडाचा तांबडा गंज न होता हा काळा, चुंबकाला चिकटणारा गाळ होतो. फडक्याखाली मी फ्रिजवरचं चुंबक धरलं, तर काळी रेघ त्याच्यामागे सरकली. नातवाला हा खेळ इतका आवडला की ते फडकं दोन दिवस धुऊ दिलं नाही.

तीन लिटर पाण्यातला ऑक्सिजन तोलून पाहिला तर पस्तीस मिलिग्रॅमच्या आत. आकडा लहान आहे, हे मी जावयांनाही सांगितलं. अख्ख्या हिवाळ्यात तेवढ्यानं फार तर पाच ग्रॅम लोखंड जाईल. पण ते कुठून जाईल ते आपल्या हाती नाही. शिवाय या नळ्यांमध्ये गंज रोखायचं औषध घातलेलं असतं, ते दर भरणीला पातळ होत जातं, आणि गाळ बॉयलरच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. खरा प्रश्न तर वेगळाच होता. पाणी जातंय कुठं? बंद नळ्यांमध्ये पाणी भरावं लागतं याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर पडतंय.

घरभर फिरलो. फरशी कोरडी, छत कोरडं. शेवटी मफलर गुंडाळून मागच्या अंगणात गेलो. बॉयलरच्या मागे भिंतीतून एक तांब्याची बारीक नळी बाहेर येऊन खाली वळलेली होती. तिच्या तोंडाखाली विटेवर हिरवट डाग, आणि डागावर बर्फाचा एक गोळा. आत जाऊन म्हटलं, बॉयलर पूर्ण तापवा. काटा दीडवरून दोन, अडीच, तीन. तीनला अंगणातली नळी ठिबकायला लागली.

पाणी तापलं की फुगतं. शंभर लिटर पाणी दहा अंशांवरून सत्तरला नेलं तर सव्वादोन लिटर वाढतं. बंद नळ्यांमध्ये ते जाणार कुठं? म्हणून बॉयलरमध्ये एक छोटी पोलादी टाकी असते. तिच्यात मधोमध रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भरलेली हवा. पाणी फुगलं की पडदा दबतो, निवलं की परत येतो. इथं हवा हवीच, पण पडद्यापलीकडे. ती हवा वर्षांच्या हळू गळतीनं निघून गेली होती. फुगलेल्या पाण्याला जागा उरली नाही, दाब तीन बारला पोचला की सुरक्षा व्हॉल्व्ह ते अंगणात सोडून देई. रात्री पाणी निवलं की आकसायचं आणि काटा शून्याकडे सरकायचा. आकसलेल्या पाण्यानं वरच्या मजल्यावर दाब इतका उतरवला असेल, की आपोआप हवा सोडणाऱ्या बुचातून उलट हवा आत ओढली गेली असेल. तीन-चार दिवसांनी जावई ताजं पाणी भरत. पुढे तेच पाणी फुगून अंगणात. डॉक्टर म्हणून मी रोग सांगितला, पण बॉयलरला हात लावला नाही. तिथं गॅसच्या उपकरणाचं झाकण उघडायला नोंदणी झालेलाच माणूस लागतो, आणि हा नियम मला मनापासून पटतो.

तो माणूस तिसऱ्या दिवशी आला. तासाभराचं काम. त्यानं पिशवीतून काय काढलं असेल? हवा भरायचा पंप, आपल्या सायकलच्या दुकानात पायाखाली असतो तसा. टाकीच्या व्हॉल्व्ह-पिनला लावला आणि ढुपढुप हवा भरली. सुरक्षा व्हॉल्व्ह बदलला, पाणी भरलं, औषध घातलं. जाताना लेकीला म्हणाला ते मला आवडलं: आता या तोटीला विसरून जा. चहा पिताना त्यानं आणखी एक सांगितलं. घराच्या फरशीखालून गरम पाणी फिरवतात तिथं प्लास्टिकच्या नळ्या असतात, आणि एक थेंब न गळताही त्या नळ्यांच्या अंगातून ऑक्सिजन आत झिरपतो. जर्मनीत लोकांचे बॉयलर अशानंच सडले, तेव्हा तिथं मानक आलं: चाळीस अंशांना, घनमीटर पाण्यामागे दिवसाला एक दशांश ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन आत येता कामा नये. त्यासाठी नळीच्या अंगात एक पातळ रोधक थर देतात. पाणी बाहेर येत नाही म्हणून हवा आत जात नाही, असं मीही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीनं गावात फिरवलं. लीड्सच्या मधल्या चौकात जोसेफ प्रीस्टलीचा पुतळा आहे. १७६७ मध्ये तो इथं पाद्री म्हणून आला. घराशेजारी बीअरचा कारखाना होता. त्याच्या हौदांवर तरंगणारा वायू त्यानं पाण्यात विरघळवला आणि सोडावॉटर केलं. पुढे १७७४ मध्ये, दुसऱ्या गावी, त्यानं ऑक्सिजन वेगळा करून दाखवला. पाण्यात वायू घालणारा आणि ज्या वायूमागे माझी उभी नोकरी गेली तो शोधणारा एकच माणूस, आणि त्याच्या गावी मला फुस्स करणारी चावी सापडली. मी पुतळ्यापुढे जरा जास्तच वेळ उभा राहिलो. लेक म्हणाली, "बाबा, थंडी आहे, चला."

वेल्डरनं शेवटी ठिगळाला ठिगळ लावलंच. "एक सीझन काढन," म्हणाला. पुढच्या साली फायबरच्या टाकीचा कूलर घेणार आहे. कूलरला बंद करता येत नाही, त्याचं पोटच हवेवर चालतं, तेव्हा तिथं लोखंडानं हट्ट धरू नये.

परवा जावयांचा फोन आला. काटा दीडवर आहे, दोन महिने तिथंच आहे, वरची खोली गरम आहे. ज्यांची लेकरं थंड देशांत राहतात त्यांनी फोनवर थंडी किती हे विचारून झालं की एवढंही विचारावं: घर तापवणाऱ्या नळ्यांत पाणी किती दिवसांनी भरता? वर्षातून एखाददा म्हणाले तर ठीक. दर आठवड्याला म्हणाले, तर त्यांना आधी अंगणात जाऊन ती तांब्याची नळी बघायला सांगा.